सत्यकामाने आधी आईला विचारलं होतं

मुख्य परीक्षेचा निकाल लागला की पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांना अचानक कंठ फुटतो. वर्षभर जिथे पान उलटल्याचा आवाजही खटकायचा, तिथल्या जिन्यात, गच्चीवर, खालच्या चहाच्या टपरीवर मुलं-मुली मोठ्यानं बोलू लागतात, पुष्कळदा स्वतःशीच. ‘गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम’ एवढंच वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून पाहतात. खुर्चीत पाठ टेकून बसायचं की जरा पुढे झुकून, हात मांडीवर ठेवायचे की टेबलावर, हसायचं ते किती, यावर गंभीर चर्चा झडतात. ज्यांनी जन्मात कधी ब्लेझर घातला नाही ते शिंप्याकडे माप देऊन येतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतल्या मुलाखतीआधीचा हा ‘मॉक’चा हंगाम. दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्येही या दिवसांत हेच चित्र असतं, फक्त तिथे गर्दी जास्त आणि थंडी कडाक्याची.

मॉक म्हणजे लुटुपुटीची मुलाखत. टेबलापलीकडे निवृत्त सनदी अधिकारी, एखादे प्राध्यापक, एखादे मानसशास्त्रज्ञ असे चार-पाच जण बसतात. त्यांच्या हातात उमेदवाराचा डीएएफ असतो, म्हणजे त्याने आयोगाला भरून दिलेला तपशीलवार अर्ज. त्यात गाव, पदवी, आधीची नोकरी, छंद अशी सगळी कुंडली. छंदात ‘वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं हा प्रश्न ठरलेला, आणि ‘ट्रेकिंग’ लिहिलं असेल तर गडाच्या इतिहासापासून त्यावरच्या प्लास्टिकच्या कचऱ्यापर्यंत काहीही निघू शकतं. अर्ध्या तासाने पॅनेल चुका सांगतं, व्हिडिओ दाखवतं. उमेदवार तो घरी नेऊन पुन्हा पाहतो आणि आपण ‘ॲक्च्युअली’ किती वेळा म्हटलं ते मोजतो.

एवढा खटाटोप का, हे आकड्यांवरून कळतं. अंतिम गुणवत्ता यादी 2025 गुणांवर लागते. त्यातले 1750 लेखी परीक्षेचे, 275 मुलाखतीचे. मुलाखतीत किमान गुणांची अट नाही, पण यादीच्या त्या टोकाला दहा-वीस गुणांवर सेवा बदलते, केडर बदलतं, कधी सगळंच हुकतं. आयोगाच्या लेखी या टप्प्याचं नाव ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’. तिचं वर्णनही आयोगाने स्वतःच करून ठेवलं आहे: ही उलटतपासणी नसते, मनाचे गुण दिसावेत यासाठी केलेलं ते सहज पण दिशा असलेलं संभाषण असतं. कोणते गुण? सावधपणा, समतोल निर्णय, आवडीनिवडींची खोली, नेतृत्व आणि यादीत शेवटी बौद्धिक व नैतिक सचोटी.

पंचाईत सुरू होते ती इथे. शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये बसलेल्या मंडळाला सहज संभाषण हवं असतं, आणि समोर येणारा उमेदवार दोन महिने सहजतेची तालीम करून आलेला असतो. सचोटी पाहायची असते, आणि तिचीही नमुना उत्तरं बाजारात असतात. 2013 पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा 250 गुणांचा स्वतंत्र पेपर आला, तेव्हापासून प्रामाणिकपणावरची उदाहरणं, व्याख्या आणि आकृत्यासुद्धा पाठ होऊ लागल्या. मग प्रश्न असा की तालीम करून दिलेलं खरं उत्तर खरं राहतं का? माणसाने स्वतःची तयारी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? नोकरीच्या धांदलीत हा प्रश्न बाजूला पडतो, पण धर्मचिंतकांनी आणि तत्त्वज्ञांनी तो फार जुन्या काळापासून चघळलेला आहे.

एक प्रसंग कल्पनेत उभा करून पाहू. उमेदवार बीड जिल्ह्यातला आहे. पॅनेल विचारतं, ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचं काय करता येईल?’ तो घडाघडा सांगतो: हंगामी वसतिगृहं, साखरशाळा, स्थलांतरित मुलांची नोंद, जिल्हा परिषद आणि साखर कारखाने यांचा समन्वय. उत्तरात चूक काढायला जागा नाही. मग एक सदस्य चष्मा काढून सहज विचारतात, ‘तुमच्या घरातलं कोणी जायचं का तोडीला?’ मुलगा क्षणभर थांबतो. ‘हो सर. आई-वडील दोघंही. एकच कोयता होता आमचा.’ नवरा-बायको मिळून एक कोयता, ही तिकडची मोजणी. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास गाडी निघायची ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची. ‘मग हंगामात तुम्ही?’ ‘आजीजवळ राहायचो सर. शाळेचा दाखला दोनदा हलवलाय.’ पॅनेल गप्प होतं. नंतर चुका सांगायच्या वेळी तेच सदस्य म्हणतात, ‘अहो, हे आधी का नाही बोललात?’ मुलगा म्हणतो, ‘ते इमोशनल वाटेल, अधिकाऱ्यासारखं वाटणार नाही, असं सांगितलं होतं सर.’

इथवरचा धडा सरळ आहे: उसनं उत्तर पुढे आलं आणि त्याने अस्सल उत्तर झाकलं. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या मॉकला हाच मुलगा प्रश्न यायच्या आत कोयत्यावर येतो. त्याच्या पुढच्या मॉकला आजीचं नाव घेताना कुठे थांबायचं हे त्याला कळलेलं असतं. पाचव्या मॉकपर्यंत आजी, दाखला आणि मुकादम यांचं दीड मिनिटाचं आटोपशीर प्रकरण तयार होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा असतो. तरीही ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं, आणि सांगणाऱ्यालाही. निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या ‘शेतकऱ्याचा मुलगा झाला कलेक्टर’ अशा फ्लेक्समुळे कष्टाच्या कहाणीलाही भाव आलेला आहे, हे त्यालाही ठाऊक असतं. खोटं बोलायला लावणारी तालीम ओळखणं सोपं आहे. खऱ्याचाच माल करून टाकणाऱ्या तालमीचं काय करायचं, हा खरा पेच.

फ्रेंच तत्त्वज्ञ दनी दिदरो याने या पेचाची एक बाजू निर्भीडपणे मांडली. नटावरचा त्याचा विरोधाभासी संवाद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिला गेला आणि त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, 1830 साली छापला गेला. दिदरोचं म्हणणं असं की मोठा नट रंगमंचावर काही अनुभवत नसतो. जो भावनेच्या भरात रडतो तो एका रात्री प्रेक्षकांना हलवतो आणि दुसऱ्या रात्री कोरडा पडतो. ज्याने निरीक्षण करून, घोटून भूमिका बसवली तो रोज तितकाच उतरतो. क्लासवाले नकळत दिदरोचेच चेले असतात, कारण मंडळ सकाळच्या सत्राचं असो की दुपारच्या, उमेदवाराची कामगिरी सारखीच व्हायला हवी. अडचण एवढीच की नाटक पाहणाऱ्याला हे नाटक आहे हे माहीत असतं. धोलपूर हाऊसमधल्या पाच जणांना मात्र नाटक नको असतं.

ॲरिस्टॉटल दुसऱ्या टोकाने येतो. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की सद्गुण जन्मतः मिळत नाहीत. घरं बांधूनच माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवूनच वादक होतो, तसा न्याय्य कृत्यं करत करतच न्यायी होतो. या हिशेबाने तालमीत वावगं काही नाही. धीटपणे बोलायचा सराव केला तर धीटपणा येईल, नेमकं बोलायचा सराव केला तर विचारही नेमका होईल. मॉक दिलेल्या कितीतरी जणांचा अनुभव याला दुजोरा देईल. पण ॲरिस्टॉटल अटी घालतो. कृत्य करणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत असलं पाहिजे, ते त्याने त्या कृत्यासाठीच निवडलेलं असलं पाहिजे, आणि ते स्थिर स्वभावातून आलं पाहिजे. मधली अट मॉकला अडचणीची आहे. तिथे प्रामाणिकपणा निवडला जातो तो 275 पैकी गुणांसाठी.

आपल्याकडच्या सर्वांत जुन्या मुलाखतींपैकी एक छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि ती बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली असते. सत्यकाम हारिद्रुमत गौतमांकडे शिकायला जातो, ते गोत्र विचारतात, तो म्हणतो मला माहीत नाही, आणि गुरू त्याच्या खरेपणावर प्रसन्न होतात. निरागस मुलाने तयारीविना दिलेलं निर्मळ उत्तर, असं या गोष्टीचं सार सांगितलं जातं. मूळ मजकूर मात्र वेगळंच काही सांगतो.

सत्यकाम तयारी करून गेला होता. गुरूकडे जायचं ठरल्यावर त्याने पहिलं काम केलं ते आईला विचारण्याचं: माझं गोत्र कोणतं? म्हणजे हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. आई जबाला हिने सांगितलं की तरुणपणी ती दासी म्हणून पुष्कळ ठिकाणी राबत होती, तेव्हा तो तिला झाला. त्यामुळे गोत्र तिलाही माहीत नाही. तिचं नाव जबाला, त्याचं सत्यकाम, तेव्हा त्याने स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणवावं. मग गौतमांसमोर उभं राहून सत्यकाम काय करतो? आईचं बोलणं जवळपास शब्दशः म्हणून दाखवतो. पोथीत ती वाक्यं दोनदा येतात, एकदा आईच्या तोंडून आणि एकदा मुलाच्या. भारतीय परंपरेत ज्या उत्तराला खरेपणाचा मानदंड मानलं जातं, ते घरून पाठ करून नेलेलं उत्तर आहे.

तरीही ते शिळं वाटत नाही. ते पाठ आहे म्हणून खोटं ठरत नाही आणि खरं आहे म्हणूनही मोठं ठरत नाही. त्यात धोका होता, हे त्याचं मर्म आहे. गोत्र नसलेल्याला गुरूने परत पाठवलं असतं तर त्या काळी कोणाला नवल वाटलं नसतं. आईने आणि मुलाने मिळून जी तयारी केली तिने ही उणी बाजू पुसली नाही, ती सांगायची कशी एवढंच ठरवलं. याच मापाने बीडच्या कल्पित मुलाचं प्रकरण तपासता येतं. पहिल्या मॉकमध्ये आई-वडिलांचं नाव काढताना त्याला जोखीम वाटत होती. पाचव्या मॉकपर्यंत जोखीम उरली नाही, उलट फायदा दिसू लागला. शब्द तेच होते, पण उत्तराखालची जमीन सरकली होती. त्याला पुन्हा खऱ्याजवळ जायचं असेल तर आजी वगळण्याची गरज नाही. त्या दिवसांविषयी जे अजून त्याला अवघड जातं ते शोधावं लागेल: मुकादमाविषयी त्याच्या मनात रागच आहे की गावातला एकमेव उचल देणारा माणूस म्हणून थोडी ओढही आहे? अधिकारी झाल्यावर त्याच मुकादमाला तो कार्यालयात चहा पाजेल का? चांगलं पॅनेल असे उपप्रश्न विचारतं, आणि त्यांच्यासाठी कुठलंही दीड मिनिटाचं प्रकरण पुरत नाही.

गौतमांनी शेवटी काय केलं, यावरही थोडं अडखळायला हवं. असं बोलणं ब्राह्मणाखेरीज कोणाला जमणार नाही, असं म्हणून त्यांनी त्याला समिधा आणायला सांगितलं. खरेपणाची पावती दिली, पण तीही पुन्हा जातीच्याच शिक्क्याने. दार उघडलं गेलं. दारावरची पाटी तीच राहिली.

कुळाचा हाच प्रश्न महाभारतात दुसऱ्या एका तरुणाला विचारला गेला. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर अर्जुनाने करून दाखवलेलं सगळं कर्णाने करून दाखवलं आणि द्वंद्व मागितलं, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे आई-वडील कोण, कूळ कोणतं हे विचारलं. कौशल्याची परीक्षा तोवर झालेली होती. कर्णाची मान खाली गेली. हाच कर्ण परशुरामांकडे ब्राह्मण असल्याचं सांगून अस्त्रविद्या शिकला, आणि खोटं उघडं पडल्यावर त्याला शाप मिळाला की ऐन गरजेच्या वेळी विद्या आठवणार नाही. बोर्डासमोर मेंदू कोरा पडण्याची भीती कथाकाराने त्या शापात किती नेमकी पकडली आहे! पण शाप कर्णाला मिळाला. द्रोणांनी त्याला ब्रह्मास्त्र नाकारलं नसतं तर तो परशुरामांच्या दारी नाव बदलून गेला असता का, हा प्रश्न कथा उघडा ठेवते. उमेदवाराच्या प्रामाणिकपणाची चर्चा करताना प्रश्न कोण विचारतं आणि कशासाठी, हे बाजूला ठेवून चालत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्खूने ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून घेतली आहे. राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, त्याच्याशी वाद करू इच्छितो. नागसेन विचारतो, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात गाठी घातल्या जातात, सोडवल्या जातात, चूक दाखवली तर कोणी रागावत नाही. राजे मात्र एक भूमिका घेतात आणि जो ती मानणार नाही त्याला दंड करतात. मिलिंद पंडितांचा वाद कबूल करतो, मगच बोलणं सुरू होतं. नोकरी मागणाऱ्याला ही अट घालता येत नाही. आयोग ‘सहज संभाषण’ म्हणतो तेव्हा तो पंडितांच्या वादाचं आश्वासन देत असतो, पण गुणपत्रिका टेबलाच्या एकाच बाजूला असते.

या दोन बाजूंची ताकद बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी जोडलेल्या दोन माणसांच्या चरित्रांत ठळक दिसते. पहिले अरविंद घोष. 1890 साली ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रशिक्षणाची दोन वर्षं काढली, आणि अखेरीस घोडेस्वारीच्या चाचणीला गेलेच नाहीत. इंग्रजांची चाकरी त्यांना करायची नव्हती. नापासाचा शिक्का घेतलेल्या या तरुणाला लंडनमध्ये असलेल्या सयाजीरावांनी बडोदा संस्थानच्या नोकरीत घेतलं, आणि 1893 मध्ये ते भारतात परतले.

पुढे 1907 च्या डिसेंबरात सुरत काँग्रेस फुटली, त्यानंतर बडोद्यात त्यांची विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी गाठ पडली. एका खोलीत तीन दिवस बसून लेल्यांनी त्यांना मन निःशब्द करायला शिकवलं. लगेच मुंबईत सभा ठरलेली. डोक्यात एक विचार उमटत नाही, भाषण करायचं कसं? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा; बोलणं येईल. 19 जानेवारी 1908 रोजी मुंबईत अरविंदांनी तसंच केलं आणि बोलणं आलं. पुढची आपली सगळी भाषणं आणि लेखन त्या नीरव मनातूनच येत गेलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मॉक देऊन थकलेल्या उमेदवाराला ही हकिकत मोहात पाडेल: कोरं मन घेऊन जावं, येईल ते बोलावं. पण त्या व्यासपीठावर उभा असलेला माणूस पस्तिशीचा होता. ग्रीक आणि लॅटिन वाङ्मय पचवलेला, बडोद्याच्या वर्षांत संस्कृत आणि बंगाली वाचून काढलेला, ‘वंदे मातरम्’ पत्रासाठी सतत लिहिणारा. लेल्यांनी रिकामं केलं ते भरलेलं भांडं होतं. पतंजलींच्या योगसूत्रांतही मनाच्या निरोधाला दोन गोष्टी लागतात: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे दीर्घकाळ, खंड न पडू देता, आदराने केलेला प्रयत्न. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखं आवरत नाही अशी तक्रार अर्जुन करतो, तेव्हा कृष्णही याच जोडीचं नाव घेतो. दोन्हींतली एकच घेऊन भागत नाही. नुसता अभ्यास केलेल्याची उत्तरं तोंडात तयार असतात आणि प्रश्न ऐकूच येत नाही. नुसत्या वैराग्यवाल्याला प्रश्न ऐकू येतो आणि सांगायला काही नसतं.

वैराग्याचा सल्ला मात्र जपून द्यायला हवा. क्लासच्या समारोपाच्या भाषणात ‘फळाची आशा धरू नका’ हे हमखास येतं. सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराला सहा प्रयत्न मिळतात. पाचव्या प्रयत्नाला बसलेला, गावी वडिलांनी जमीन गहाण टाकलेली, बहिणीचं लग्न थांबलेलं, अशा मुलाला निष्काम व्हायला सांगणं सोपं असतं, कारण सांगणाऱ्याची फी आधीच जमा झालेली असते. गीतेने स्वतः हा उतावळेपणा केलेला नाही. पहिल्या अध्यायात आर्यावर्तातला सर्वांत घोटून तयार झालेला धनुर्धर ऐन क्षणी गळपटतो: तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, गांडीव हातातून निसटतं. सरावात काही कमी नव्हतं. समोर कोण उभं आहे आणि आपण इथे कशासाठी आलो आहोत, या प्रश्नाने त्याला गाठलं. कृष्णाने त्याला एका वाक्यात वाटेला लावलं नाही. अठराव्या अध्यायापर्यंत अर्जुन शंका विचारतच राहतो.

‘प्रशासकीय सेवेत का यायचंय?’ हा मुलाखतीतला सर्वांत अपेक्षित प्रश्न, आणि त्याचं उत्तर सर्वांत जास्त घोटलेलं. समाजसेवा, कामाचा विस्तृत आवाका, धोरणांची अंमलबजावणी. पद, मान, बंगला, गावातल्या लोकांच्या नजरेतला फरक ही कारणं त्यात येत नाहीत, जणू ती कोणाच्या मनात नसतातच. पॅनेलवरच्या ज्या मंडळींनी तो बंगला उपभोगलेला असतो त्यांनाही हे कळतं. दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं हे छोटंसं नाटक. इथे तयारी करायची तर ती उत्तराची नाही, प्रश्नाची करावी लागते. निकालाच्या चिंतेत असलेल्या माणसाकडे त्यासाठी उसंत कुठून येणार, हाही प्रश्न आहेच.

सयाजीरावांनी पारखलेला दुसरा तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना महाराजांकडे नेलं. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं, आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 च्या जूनमध्ये परदेशी शिक्षणाचा करार झाला: संस्थान तीन वर्षांचा खर्च देणार, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आंबेडकर 1917 मध्ये बडोद्यात रुजू झाले. महाराजांसमोरची मुलाखत केव्हाच पार पडली होती. शहरात मात्र राहायला जागा मिळेना. आपल्या आत्मपर टिपणांत त्यांनी लिहून ठेवलं आहे की पारशी लोकांच्या धर्मशाळेत ते पारशी नावाने राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यातून वर आले. त्यांचा पहिला प्रश्न होता: तू कोण?

सचोटीच्या कुठल्याही नमुना उत्तरात हा प्रसंग बसत नाही. खोटं नाव सांगणं चूक असं म्हणणारा नीतिवादी इथे फार तर गप्प बसू शकतो. सत्यकामाला भेटलेले गौतम प्रत्येकाला भेटत नाहीत. म्हणूनच मुलाखतीच्या नीतीचा निम्मा भार प्रश्न विचारणाऱ्यावर येतो. आडनावावरून अंदाज बांधू नये, इंग्रजीच्या उच्चारावरून बुद्धी मापू नये, आणि ज्याचं उत्तर देताना माणसाला मान खाली घालावी लागेल असा प्रश्न कामाशी संबंध नसताना विचारू नये. नागरी सेवेची मुलाखत मराठीसारख्या भारतीय भाषेत देण्याची सोय आहे आणि तीत दुभाषा मिळतो. पण मनातून उत्तर आधीच इंग्रजीत बेतणारे उमेदवार पाहिले की ही सोय वापरण्याचं धैर्यही तालमीचाच विषय आहे असं वाटतं.

राज्यसंस्थेचाही मुलाखतीवर सरसकट विश्वास नाही. 15 ऑगस्ट 2015 च्या भाषणात पंतप्रधानांनी खालच्या पदांसाठी मुलाखती बंद करण्याचा विषय काढला, आणि 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती थांबल्या. मुलाखतीच्या नावाखाली वशिला आणि पैसा चालतो, हे त्यामागचं उघड कारण. माणूस पाहून माणूस कळतो, ही समजूत मानसशास्त्रज्ञांनीही तपासली आहे. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी केली, तेव्हा ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीपेक्षा मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज कमी बरोबर येतो असं दिसलं. अर्ध्या तासात समोरचा माणूस ‘ओळखला’ असं वाटणाऱ्या परीक्षकाला यातून थोडा नम्रपणा शिकायला हरकत नाही.

आयोग साधारणपणे पदांच्या दुप्पट उमेदवारांना मुलाखतीला बोलावतो. म्हणजे ब्लेझर शिवलेल्यांपैकी निम्मे परत येणार, हे हिशेबातच आहे. अशांची इच्छा असेल तर त्यांची माहिती इतर संस्थांना नोकरीसाठी उपलब्ध करून देण्याची योजना आयोगाने केली आहे; तिचं आताचं नाव ‘प्रतिभा सेतू’. पण परत येणाऱ्याला नोकरीच्या आधी दुसराच प्रश्न छळतो: नेमकं काय माहीत नव्हतं? ‘माहीत नाही’ हे शब्द हसतमुखाने कसे म्हणायचे, याचाही क्लासमध्ये सराव होतो, आणि बोर्डासमोर ते उपयोगी पडतात. ते म्हणून झाल्यावर पुढे काय, हे मात्र कोणी शिकवत नाही.

उपनिषदांत एका फसलेल्या मुलाखतीचीही नोंद आहे, बृहदारण्यकात आणि छांदोग्यातही. श्वेतकेतू शिकून तयार होऊन पांचालांच्या सभेत जातो. राजा प्रवाहण जैवली त्याला विचारतो, वडिलांनी तुला शिकवलं का? तो म्हणतो, हो. मग राजा पाच प्रश्न विचारतो: मेल्यावर माणसं कुठे जातात, परत कशी येतात, असे एकामागून एक. पाचही वेळा श्वेतकेतूचं उत्तर एकच: माहीत नाही. तिथून तो तडक घरी येतो आणि वडिलांवर चिडतो: त्या क्षत्रियाने पाच प्रश्न विचारले, मला एकाचंही उत्तर आलं नाही, आणि तुम्ही तर म्हणत होतात की सगळं शिकवलं! वडील, गौतम गोत्रातले मोठे विद्वान, सांगतात की त्यांना जे येत होतं ते सगळं त्यांनी शिकवलं. हे त्यांनाही येत नाही. मग ते मुलाला म्हणतात, चल, आपण दोघंही त्या राजाकडे शिष्य म्हणून जाऊन राहू. श्वेतकेतू म्हणतो, तुम्हीच जा. म्हातारे गौतम एकटेच गेले, राजाने त्यांना ठेवून घेतलं, आणि पाच प्रश्नांची उत्तरं मुलाऐवजी बापाला मिळाली.